केळीच्या चुलत बहिणीचं कापड

लेक सेबू, साउथ कोटाबाटो,
मिंदानाव, फिलिपिन्स
२० जुलै

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दादा, तुझं पत्र पोचलं. घड काढल्यावर केळीचं खोड बांधावर कुजत टाकतो, त्याचा वाख काढून इथल्या त्नालाकसारखं कापड विणता येईल का, हा तुझा प्रश्न. वहिनींना त्नालाकची किंमत ऐकून धक्का बसलाय आणि एवढं त्यात काय आहे ते त्यांना समजून घ्यायचंय. आणि भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या आपल्या चिरंजीवांना कुलिंतांग या इथल्या वाद्याची तबकं कशी लावतात ते हवंय. तिघांना एकाच पत्रात लिहिते. परवा १८ तारखेला कोरोनादालला प्रांताचा वर्धापनदिन झाला. १९६६ साली याच तारखेला हा प्रांत झाला आणि या उत्सवाचं नावच त्नालाक आहे. रस्त्यावरची मिरवणूक सगळे पाहतात, पण कापड आणि वाद्यं या दोन्हींतलं खरं काम त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 'फिलिपिनो परंपरा' म्हटलं की बाहेरच्याला एकच गठ्ठा वाटतो. त्नालाक हे त्बोली लोकांचं कापड. ते लेक सेबूच्या डोंगरातले आदिवासी. कुलिंतांगचं सर्वांत भरलेलं रूप सापडतं ते सखल भागातल्या मागिंदनाव लोकांकडे आणि ते मुसलमान आहेत. भाषा, धर्म, नेसण वेगळी. पैठणी आणि घोंगडी एकाच माणसाच्या नावावर लिहिण्यासारखी चूक इथे रोज होते, म्हणून जे ज्याचं ते त्याच्या नावानं लिहिते.

दादा, कापड अबाकाचं. अबाका ही केळीची चुलत बहीण, दोघींची जात मुसाच. लांबून पाहिलंस तर तुला केळीच वाटेल, फक्त पानं जरा अरुंद आणि उभट, आणि फळ लहान, बियांनी भरलेलं. मनिला दोरखंड म्हणून ज्याचं नाव तू ऐकलंयस तो याच वाखाचा. फरक इथे आहे: अबाका तोडतात ती १८ ते २४ महिन्यांची झाल्यावर, शेवटचं लहान पान वर आलं आणि फूल अजून बाहेर पडायचंय अशा वेळी. त्या टप्प्यावर वाख सगळ्यात बळकट असतो. फूल येऊन फळ धरलं की खोडातला जोर घडाकडे जातो. तुझं खोड घड काढून झाल्यावरचं. त्यातून वाख निघतो, दोर, पायपुसणी, टोपल्या, कागद यांना चालतो, पण केसासारखा बारीक आणि ताण सहन करणारा धागा त्यातून काढायची आशा धरू नकोस. यंत्र विकत घ्यायच्या आधी दहा खोडांचा वाख हातानं काढून बघ. ओल्या खोडाच्या वजनाच्या शेकडा दोन-तीन टक्के वाख अबाकातून मिळतो, केळीतून त्याहून कमीच धर.

काढायची रीत अशी. खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं. प्रत्येक सोपटाचा बाहेरचा पातळ थर पट्टीसारखा सोलून घेतात, वाख तेवढ्यातच असतो. आतला पाणथळ गर टाकून देतात. ही पट्टी लाकडी ठोकळ्यावर ठेवून वरून सुरीचं पातं दाबतात आणि दोन्ही हातांनी ओढून काढतात. गर पात्यामागे अडतो आणि हातात पांढरा झुपका येतो. पातं दातेरी असेल किंवा दाब कमी पडला, तर वाखाला गर चिकटून राहतो, तो पुढे काळपट पडतो आणि रंगही धरत नाही. दाब जास्त झाला तर वाख तुटून आखूड होतो. बाहेरच्या सोपटांचा वाख जाड आणि तांबूस, आतल्यांचा पांढरा आणि मऊ. दोन्ही सुरुवातीलाच वेगळे ठेवतात. तोडलेलं खोड ताजं असतानाच हे उरकावं लागतं. खोड पडून राहिलं की रंग गेलाच. आणि तुझ्या केळीसारखाच याला पर्णगुच्छ रोग येतो, मावाच तो पसरवतो. रोगट बेट मुळासकट काढून टाकणं हाच इथेही उपाय आहे.

वहिनी, आता तुमच्यासाठी. तुमच्या माहेरी, येवल्याला, पैठणीचा मोर मागावर बसल्यावर जन्मतो. ताणा, म्हणजे उभे धागे, लावलेला असतो आणि तिल्ल्या, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या, फिरवत बाण्यातून, आडव्या धाग्यातून, नक्षी उभी राहते. त्नालाकमध्ये नेमकं उलट. नक्षी ताण्यात आहे आणि ती माग लावायच्या आधीच पूर्ण झालेली असते. मागावर फक्त एकरंगी बाणा टाकायचा राहतो. म्हणून 'किती दिवसांत विणता' हा प्रश्न इथे कुणी विचारला की बायका गप्प बसतात. विणणं हा सगळ्यात छोटा भाग.

वाख कातत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पीळ दिला की चमक जाते. जसा निघाला तसा सरळ तंतू घेऊन टोकाला टोक जोडत जायचं. बारीक गाठ मारायची आणि उरलेली शेंडी अगदी गाठीजवळ कापायची. या कामाला तेम्बोंग म्हणतात. एका कापडाला अशा हजारो गाठी लागतात. शेंडी लांब राहिली तर विणताना शेजारच्या धाग्यात अडकते. फार जवळ कापली तर ताण बसताच गाठ सुटते. गाठी मारायला म्हातारी बोटं चालतात, लहान पोरींचीही चालतात, म्हणून घरातल्या सगळ्या बायका यात असतात. जोडलेला धागा करंडीत गोल गोल सोडत जातात आणि करंडी कुणी हलवत नाही. गुंता झाला की तो सोडवण्यापेक्षा कापून पुन्हा जोडणं सोपं पडतं.

मग ताणा चौकटीवर पसरतात आणि बांधणी सुरू होते, तिला मेबेद म्हणतात. पाटोळा किंवा पोचमपल्ली तुम्ही पाहिलंय, रीत तीच. रंग तीनच: काळा, तांबडा आणि वाखाचा स्वतःचा पांढरा. धाग्यांच्या छोट्या छोट्या जुड्या धरायच्या आणि जे भाग काळे व्हायचे नाहीत ते सगळे बांधून टाकायचे, म्हणजे पांढरेही आणि तांबडेही. पूर्ण ताणा काळ्यात जातो. काळा सुकला की तांबड्याच्या जागच्या तेवढ्याच गाठी उघडायच्या आणि ताणा तांबड्यात घालायचा. शेवटी उरलेल्या गाठी सोडल्या की पांढरा दिसतो. कागदावर आराखडा नसतो. मापाला बोटं आणि बांबूच्या काड्या, बाकी सगळं डोक्यात. गाठ सैल बांधली तर काळा आत झिरपतो आणि त्या जागेचा पांढरा कायमचा जातो, तो धुऊन परत येत नाही. तांबड्याची गाठ समजून पांढऱ्याची उघडली, तर ती चूक कापडभर त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसते, कारण जुडीतले सगळे धागे एकत्रच बांधलेले असतात.

काळा येतो क्नालुम नावाच्या झाडाच्या पानांपासून. ते एबनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं लांबचं भावंड. ताणा आणि पानं एकाच भांड्यात उकळतात, थंड करतात, पुन्हा ताजी पानं घालून उकळतात. असं दिवसेंदिवस चालतं. एका उकळीत येतो तो राखाडी रंग, आणि घाई करणाऱ्याचं कापड तिथंच ओळखू येतं. तांबडा येतो लोकोच्या मुळांपासून आणि लोको म्हणजे आपल्या आलीच्या जातकुळीचं झाड. आजोबांच्या तोंडी बारतोंडी, आल ही नावं असायची, खारवा, ते जाड तांबडं कापड, रंगवायची ती आलच. रासायनिक रंग बाजारात आले तेव्हा आपल्याकडची आलीची शेती बसली. इथे ते मूळ अजून खणलं जातं, हे पाहून बरं वाटतं. मुळाची साल काढताना झाडाची सगळी मुळं तोडत नाहीत, एका बाजूची घेतात आणि माती परत लोटतात.

माग म्हणजे काय, तर कमरेला बांधलेला पट्टा. ताण्याचं एक टोक घराच्या खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे झुकली की ताण बसतो, पुढे आली की सैल होतो. आपल्या खड्डा-मागावर पाय काम करतात, इथे कंबर. धागा उचलायला दोऱ्यांनी बांधलेली काठी, आणि बाणा ठोकायला जड लाकडाची तलवारीसारखी पट्टी. विणणाऱ्या पहाटे नाहीतर संध्याकाळी बसतात. कारण साधं आहे: दुपारच्या उन्हात वाख कोरडा पडतो आणि पट्टीच्या ठोक्यासरशी तडातड तुटतो, सकाळच्या दमट हवेत तो लवचिक राहतो. तुटलेला धागा जोडताना नक्षीच्या जागेवरच जोडावा लागतो. अर्धा इंच इकडे-तिकडे झालं की काळ्यात पांढरा ठिपका उगवतो. अर्धा मीटरभर रुंद आणि पाच-सहा मीटर लांब कापडाला, वाख काढण्यापासून धरलं तर दोन ते चार महिने जातात. किंमत या महिन्यांची आहे, वहिनी.

शेवटची पायरी सेमाकी. ती तुम्हाला फार आवडेल. विणून झालेलं कापड लाकडाच्या गुळगुळीत फळीवर पसरतात. एका लांब लवचिक काठीच्या खालच्या टोकाला मोठी कवडी बसवलेली असते. आराधिणीच्या गळ्यातल्या माळेत असते तसलीच कवडी, फक्त आकाराने मोठी. काठीचं वरचं टोक छताच्या वाशाखाली अडकवायचं, म्हणजे काठी धनुष्यासारखी वाकते आणि कवडी आपोआप कापडावर दाबली जाते. मग बाई दोन्ही हातांनी ती पुढे-मागे घासत नेते. घासल्यानं ऊब तयार होते, गाठी चपट्या बसतात आणि मेण लावल्यासारखी चकाकी चढते. एकाच जागी रेंगाळलं तर वाख भाजल्यासारखा चिरतो, म्हणून हात थांबू द्यायचा नाही. कवडी घासल्याचा तो आवाज शेजारच्या घरात ऐकू जातो आणि त्यावरूनच कळतं, कापड पुरं झालं.

नक्ष्यांना नावं आहेत: बुलिंगलांगित म्हणजे ढग, काबांगी म्हणजे फुलपाखरू, क्लेंग म्हणजे खेकडा. जुन्या विणकरणी सांगतात की नक्षी स्वप्नात येते, अबाकाची देवता फू दालू ती देते. म्हणून ताण्यावरून ओलांडून जायचं नाही आणि विणकाम चालू असताना नवऱ्याजवळ झोपायचं नाही, असे नियम आहेत. नियम पाळणाऱ्या बायका ते कसोशीनं पाळतात आणि मला त्यात काहीही खटकत नाही. लांग दुलाय या लेक सेबूच्याच विणकर, त्यांना शंभरेक नक्ष्या पाठ होत्या. १९९८ मध्ये सरकारनं त्यांना 'मानलिलिखा न्ग बायान' म्हणजे राष्ट्राच्या कलावंत हा मान दिला. हा मान १९९२ च्या कायद्यानं देतात आणि त्यात एक अट आहे, मान घेणाऱ्यानं पुढच्यांना शिकवायचं. २०१५ मध्ये त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखालच्या बायका आजही बांधणी करतात. मानचिन्हापेक्षा ती अट मला मोलाची वाटते.

नकली ओळखायची खूण सांगते, कारण तुमच्याकडे कुणी आणून दाखवेल. कापड उलटं करा. ताणा रंगवलेला असेल तर नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच गडद दिसते, छापलेल्याची पाठ फिकी असते. नक्षीच्या कडा बघा. खऱ्याच्या कडा किंचित फुटलेल्या, पिसासारख्या असतात, कारण गाठीखाली रंग थोडा सरकतोच. रेघ आखल्यासारखी धारदार कड दिसली तर ती छपाई. काळा रंग शाईसारखा निळसर झाक मारत असेल तर तो रसायनाचा, पानांचा काळा तपकिरीकडे झुकतो. त्बोलींच्या नक्ष्या पॉलिस्टरवर छापून विकणारे इथे खूप आहेत. १९९७ चा आदिवासी हक्क कायदा त्यांच्या परंपरागत कलेवरचा हक्क मान्य करतो, पण बाजारात तो कायदा कुणी वाचून दाखवत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

बाकी दोन कापडांचं थोडक्यात. उत्तरेला इलोकोसमध्ये सुती इनाबेल विणतात, तिथला माग पायांनी चालवायचा, तुम्ही बसाल त्या दिवशी विणायला लागाल. पिनिलीच्या मागदालेना गामायो, जन्म १९२४, यांना २०१२ मध्ये तोच राष्ट्रीय मान मिळाला. तिथल्या बिनाकोल नक्षीत चौकोन असे मांडतात की कापड भोवऱ्यासारखं फिरतंय असं वाटतं. वाऱ्याबरोबर येणाऱ्या बाधेचे डोळे त्यानं फिरतात, असा समज आहे. दुसरं पिन्या, अक्लान प्रांतातल्या कालिबोचं, अननसाच्या पानाच्या वाखाचं. पान फुटक्या चिनी बशीच्या कडेनं खरवडतात, तो वरचा जाड वाख. त्याखालचा बारीक वाख नारळाच्या करवंटीनं काढतात, त्याला लिनिवान म्हणतात. तोही गाठींनीच जोडायचा. मलमलीहून पारदर्शक होतं. २०२३ मध्ये युनेस्कोनं ही विणकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आता पखवाजवाल्यासाठी. बाळा, कुलिंतांग म्हणजे मधोमध बोंडी असलेली आठ पितळी तबकं, एका ओळीत आडवी मांडलेली. जलतरंगाचे वाडगे डोळ्यांसमोर आण, फक्त पाणी काढून टाक. मोठं, खर्जाचं तबक डाव्या हाताला, मग उजवीकडे लहान होत जातात. लाकडी घोडीवर दोन समांतर दोऱ्या ताणलेल्या असतात आणि तबकं त्या दोऱ्यांवरच टेकतात, लाकडाला शिवत नाहीत. इथेच नव्यांची पहिली चूक होते. दोरी सैल पडली की तबकाची कड लाकडाला लागते आणि आवाज मेल्यासारखा येतो. दोन तबकं एकमेकांना चिकटली तर झणझण येते. म्हणून बसण्याआधी प्रत्येक तबक बोटानं उचलून बघायचं, खाली हवा आहे ना. काठ्या दोन, हलक्या मऊ लाकडाच्या. मार बरोबर बोंडीवर. बाजूला पडला तर सूर न येता पत्रा वाजतो.

प्रत्येक संचाचे सूर वेगळे असतात. काळी एक, पांढरी दोन असं ठरलेलं माप नाही. एका संचातलं तबक दुसऱ्या संचात घालता येत नाही, म्हणून आठांतलं एक हरवलं तर सगळा संच लंगडा होतो. मागिंदनावांच्या मांडणीत आणखी चार वाद्यं असतात. आगुंग ही खोल काठाची मोठी टांगलेली तबकं, ती जड गादीच्या काठीनं वाजवतात आणि दुसऱ्या हातानं बोंडी दाबून नाद तोडतात. गांदिंगान ही चार टांगलेली पातळ तबकं, त्यांवर पूर्वी बोलल्यासारखा निरोपही पाठवत. दबाकान हा पेल्याच्या आकाराचा एकतोंडी ढोल, तो दोन बारीक काड्यांनी वाजतो. आणि बाबेंदिल हे छोटं तबक, काठावर काडी मारून ठेका धरतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर बाबेंदिल म्हणजे टाळ. तो चुकला की सगळे चुकले.

दुयुग, सिनुलुग, तिदतु ही ठेक्यांची नावं. कुलिंतांगवर बसलेली बाई चाल तिथल्या तिथे वाढवत नेते, पण कुठल्या ठेक्यावर हे आधी ठरतं. कुलिंतांग परंपरेनं बायकांचं, आगुंग आणि गांदिंगान पुरुषांचे. शिकताना पोरांना कुलिंतांगवर लगेच बसवत नाहीत, आधी बाबेंदिल आणि दबाकान धरायला लावतात. ही पद्धत तुझ्या बुवांनाही पटेल.

कुदयापी नावाची दोन तारांची लांब, होडीच्या आकाराची वीणाही मागिंदनावांकडे आहे. एक तार नुसती सूर धरून ठेवते, एकतारीसारखी, दुसरीवर चाल वाजते. तिचे पडदे मधमाशीच्या मेणात बसवलेले असतात. मेण मऊ करून पडदे सरकवले की सुरांची जुळणी बदलते: दिनालादाय सोपी, शिकाऊंसाठी, आणि बिनालिग गंभीर. दक्षिणेतल्या सरस्वती वीणेचे पडदेही मेणातच बसवतात. कुदयापी हे नावही संस्कृत कच्छपीवरून आल्याचं अभ्यासक मानतात आणि सरस्वतीच्या वीणेचं नाव कच्छपीच. समुद्र ओलांडून शब्द इथवर आला आणि रुळला. मामासापानोचे सामाओन सुलायमान हे या वाद्याचे मोठे वादक, त्यांना १९९३ मध्ये राष्ट्रीय मान मिळाला. उन्हाळ्यात बंद गाडीत कुदयापी ठेवली की मेण वितळून पडदे गळतात, हे मात्र आजही अनेकांना उशिरा कळतं. त्बोलींची हेगेलुंग अशीच दोन तारांची, पण अंगानं बारीक, आणि ती नाचता नाचता वाजवतात. नाचणारीच्या कमरपट्ट्याला पितळी घुंगरं असतात, मेणाच्या साच्यावर माती थापून मेण वितळवून ओतलेली. तिच्या चालण्यातूनच ताल येतो.

वहिनी, तुमच्यासाठी दीड मीटरचा त्नालाक पाठवलाय, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून. घडी घालू नका, घडीच्या रेषेवर वाख चिरतो. साबण नको, धुणं नको, धूळ मऊ कोरड्या कापडानं पुसा. उन्हात टांगू नका. पावसाळ्यात नळीतून काढून आठवड्यातून एकदा वारा द्या, बुरशी पांढऱ्या भागावर आधी येते. कापडाच्या एका टोकाला पितळी कडी बांधलेली दिसेल. त्नालाक कापणं अशुभ मानतात, कापावाच लागला तर त्यातल्या देवतेची समजूत म्हणून विणकरीण स्वतःच्या हातानं ती कडी लावते. ती तशीच राहू द्या, चौकट करवलीत तरी आतच असू द्या.

दादा, दहा खोडांचा वाख काढलास की झुपका सावलीत वाळवून थोडा मला पाठव. इथल्या बायकांच्या हातात देते, गाठ बसते का तुटते ते त्या एका मिनिटात सांगतील.

आईला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
माई